तीन दिवस झाले, फरक नाही

चिंतेवरची गोळी सुरू केलेला माणूस चौथ्या दिवशी सकाळी दात घासता घासता निकाल जाहीर करतो, "काही फरक नाही." घरातले सगळे जणू या निकालाचीच वाट बघत बसलेले असतात. आई म्हणते, "मी म्हणतच होते." वडील म्हणतात, "डॉक्टर बदल." शेजारचे अण्णा कुंपणावरून डोकं काढून विचारतात, "किती दिवस झाले?" तीन झाले म्हटल्यावर ते हबकतात. "तीन म्हंजे लई झाले की!" हे अण्णा स्वतः गेली कित्येक वर्षं गुडघ्याला एकच तेल चोळताहेत, गुडघा आहे तसाच ठणकतो आहे, आणि तेलावर त्यांनी अजून अविश्वासाचा ठराव आणलेला नाही. माझं सगळं म्हणणं या विसंगतीपुरतंच आहे. मनावरच्या औषधाला आपण जे आक्षेप घेतो, तेच दोष इतर ठिकाणी आपण पाण्याशिवाय गिळतो. त्यातला सगळ्यात लाडका आक्षेप म्हणजे 'गुण यायला उशीर लागतो'. हा आक्षेप मुंबईच्या लोकलवाल्याने घेतला तर एक वेळ समजू शकतं. शिक्रापूरच्या माणसाने घ्यावा याला मात्र काही धरबंध नाही.

कारण उशीर म्हणजे काय हे शिक्रापूरला शिकवायची गरज नाही. पुणे-नगर रस्ता आणि चाकणचा रस्ता इथल्या चाकण चौकात एकमेकांना भेटतात आणि भेटल्यावर एकमेकांना सोडत नाहीत. सणसवाडीच्या बाजूने कंपन्यांच्या बस, रांजणगाव एमआयडीसीकडून कंटेनर, चाकणकडून सुटे भाग भरलेले ट्रक, मध्येच उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा आणि टेप फुल्ल सोडलेला ट्रॅक्टर, आणि या सगळ्यांच्या मधोमध फुलांनी सजवलेल्या मोटारीत घामाघूम नवरदेव, ज्याचा मुहूर्त पाबळ चौक यायच्या आधीच टळलेला असतो. इथला माणूस गाडीचं इंजिन बंद करतो, शेंगा फोडतो, मेव्हण्याला फोन लावून सांगतो, "आलोच पाच मिनिटांत." त्याच्या वावरात आडसाली ऊस उभा असतो. तो तोडणीला यायला दीड वर्ष घेतो, मग टोळीची वाट, मग वजनाची, मग बिलाची. एप्रिल-मेमध्ये काढलेला कांदा तो चाळीत टाकतो आणि दिवाळीपर्यंत भावाकडे डोळे लावतो. खालचा थर सडून पाणी गळायला लागलं तरी "वाढंल, वाढंल" म्हणतो. बांधाचा दावा आजोबांनी लावलेला असतो आणि तारखेला नातू जातो. रांजणगावच्या महागणपतीला बोललेल्या नवसाला वर्ष-दोन वर्षांची मुदत राजीखुशीने मिळते. तिसऱ्या दिवशी देवळात जाऊन "फरक नाही" म्हणणारा भक्त अजून जन्मायचाय. 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' असं अभिमानाने म्हणणाऱ्या या राज्यात बहात्तर तासांची मुदत कोणाला, तर एका चिमुकल्या पांढऱ्या गोळीला.

डॉक्टरांनी कल्पना दिलेली नसते असंही नाही. चिंतेच्या आजारावर सहसा आधी दिल्या जातात त्या एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालीनच्या गटातल्या गोळ्या. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. गोळी रक्तात पोचते काही तासांतच, सेरोटोनिन नावाच्या रसायनाचं काम त्याच दिवसापासून बदलतं. पण मेंदूतल्या पेशींना या बदलाची सवय व्हायला आठवडे जातात. डॉक्टर हे सगळं समजावून सांगतात, पेशंट गंभीरपणे मान डोलावतो आणि बाहेर येतो. बाकड्यावर बसलेले मेव्हणे विचारतात, "काय म्हणले?" "रात्री जेवल्यावर घ्या म्हणले." बस्स. शिवाय गोळीच्या आकाराने आधीच घात केलेला असतो. एस्सिटॅलोप्रामची सुरुवात बऱ्याचदा ५ किंवा १० मिलिग्रॅमने होते. "एवढीच?" हा पहिला उद्गार. आपल्याकडे औषधाची ताकद त्याच्या आकारावर, कडूपणावर आणि ते शरीरात कोणत्या मार्गाने शिरलं यावर ठरते. सुई टोचली म्हणजे उपचार झाला, सलाईन लावलं म्हणजे चांगला उपचार झाला, आणि सलाईनमध्ये पिवळं काहीतरी मिसळलं म्हणजे डॉक्टर देवमाणूस. त्या हिशेबात डाळीच्या दाण्याएवढी गोळी आणि तीन आठवड्यांचा वायदा म्हणजे शुद्ध फसवणूक.

त्यातून पहिल्या आठवड्यात गोळी एक चमत्कारिक गोष्ट करते. मनासाठी घेतलेली असते आणि कळते पोटात. मळमळ, थोडं डोकं दुखणं, झोपेची उलथापालथ, क्वचित उलट थोडी जास्तच बेचैनी. यात गूढ काही नाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, तेव्हा दार वाजलं की आधी ओटीवरचे उठणारच. बहुतेकांचा हा त्रास आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो आणि नाही ओसरला तर डॉक्टरांना विचारायचं असतं. पण चिंता हाच ज्याचा आजार, त्याला 'काळजी करू नका, थोडं थांबा' हे पथ्य सांगणं ही वैद्यकशास्त्राने केलेली थट्टाच म्हणायची. तो थांबत नाही. तो खोक्यातला कागद काढतो. पातळ, आठ घड्यांचा, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांचा तो कागद बारावीतल्या मुलीच्या हातात दिला जातो आणि जेवणाच्या वेळी त्याचं जाहीर वाचन होतं. "पप्पा, तोंडाला कोरड लिहिलंय." पप्पांच्या तोंडाला कोरड पडते. "चक्कर." पप्पा भिंत धरतात. "घाम." पंखा पाचवर जातो. दुष्परिणाम होतील या अपेक्षेनेच दुष्परिणाम जाणवू लागतात हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. साखरेची गोळी दिलेल्या लोकांनीही अशा तक्रारी केल्याची नोंद औषधांच्या चाचण्यांमध्ये होत असते. वाचन संपेपर्यंत पप्पांना कागदावरचं सगळं होऊन गेलेलं असतं, एक सोडून. त्या ओळीत फक्त बाळंतिणींसाठी सूचना असते.

आता आक्षेप. त्यातला एक खरोखर वजनदार आहे: टेन्शनचं कारण बाहेर असताना औषध आत कशाला? हप्ते थकलेत, तिसऱ्या पाळीने झोपेचं वाटोळं केलंय, भावकीने प्लॉटिंगवाल्याला परस्पर सही दिलीय आणि कांदा आपटलाय. "गोळी घेतल्यावर कांद्याला भाव येतो का?" नाही येत. चाकण चौकही हातभर रुंद होत नाही. पण शिरूर तालुका जुन्नर वनविभागात मोडतो आणि बिबट्या म्हणजे काय हे इथे चित्रात बघावं लागत नाही, म्हणून त्याच्याच भाषेत बोलू. रात्री शेतीची लाइट आली म्हणून बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघालेल्या माणसाला उसात खसखस ऐकू आली की काळीज धडधडतं, तोंड कोरडं पडतं, तळव्यांना घाम फुटतो, श्वास वर अडकतो. हे सगळं रास्त आहे. शरीर पळण्याची तयारी करत असतं, ॲड्रेनलिन त्यासाठीच आहे, आणि अशा वेळी शांत, प्रसन्न राहणाऱ्या माणसाची नोंद वनखात्याच्या पंचनाम्यात होते. तक्रार सुरू होते ती हाच सगळा लवाजमा भर दुपारी, पत्र्यावरून मांजर गेलं किंवा फोनवर अनोळखी नंबर दिसला म्हणून निघतो तेव्हा. आणि पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या वनखात्याच्या गाडीतून रवाना झाला तरी आपलं काळीज महिनोन् महिने बांधावरच उभं असतं तेव्हा. गोळीचं काम बिबट्या पकडण्याचं नाहीच. बँकेचा एसेमेस आणि बिबट्या या दोन वेगळ्या वस्तू आहेत एवढं शरीराला पटवण्याचं ते काम आहे. कर्ज तेवढंच राहतं. फक्त बँकेत जाऊन साहेबांसमोर बसून मुदत वाढवून मागताना जीभ टाळूला चिकटत नाही. कारण बाहेरचं असलं तरी ते निस्तरायला जायचं असतं याच आतल्या माणसाने, हे आक्षेप घेणारे विसरतात.

याच आक्षेपाचं धाकटं भावंड म्हणजे "पूर्वीच्या लोकांना कुठं होतं टेन्शन?" सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले. ज्याला इतक्या वेळा समजावून सांगावं लागतं ते मन काही गुण्यागोविंदाने नांदत नसणार. एवढं उत्तर पुरे आहे.

"सवय लागते" हा आक्षेप सगळ्यात ठामपणे कोण घेतो, हे एकदा निरखून बघण्यासारखं असतं. पारावर बसलेला तो माणूस डाव्या तळहातावर तंबाखू घेतो, नखाने चुना लावतो, अंगठ्याने मळतो, टिचकी मारून धूळ उडवतो, चिमूट खालच्या ओठामागे सारतो आणि जिभेने ती नीट बसवून झाल्यावर, दाबलेल्या आवाजात म्हणतो, "त्या गोळीची सवय लागंल बरं का." तरीही आक्षेप पूर्ण खोटा नाही, म्हणून तो नीट सोडवायला हवा. चिंतेवर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची दोन घराणी आहेत. एक वर सांगितलेलं, सावकाश गुण देणारं. त्याची नशा होत नाही, डोस वाढवत नेण्याची तलफ येत नाही, मात्र एकदम तोडली तर काही दिवस चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं असे प्रकार होऊ शकतात, म्हणून ती डॉक्टर पायरी-पायरीने उतरवतात. दुसरं घराणं अल्प्राझोलाम, डायझेपाम वगैरेंचं. अर्ध्या-एक तासात माणूस सैल पडतो, झोपही येते, आणि आठवडेच्या आठवडे घेत राहिलं तर याचीच सवय खरोखर लागते. म्हणून तर अल्प्राझोलाम, डायझेपामसारखी औषधं १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' यादीत घातली आहेत. दुकानदाराला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. सुरुवातीचे काही दिवस निभावून न्यायला डॉक्टर कधी कधी ही दुसरी गोळी थोड्या मुदतीसाठी पहिलीच्या सोबत देतात.

आणि इथे आपल्या स्वभावाची खरी गंमत होते. पेशंट आठ दिवसांत दोन्ही गोळ्यांची परीक्षा घेतो. एकीने काही होत नाही, दुसरीने रात्री ढाराढूर झोप लागते. ताबडतोब निवाडा होतो: "ती डाव्या पाकिटातली भंकस आहे, उजवी एक नंबर." जी थोडे दिवस घ्यायची ती चालू राहते आणि जी बरेच दिवस घ्यायची ती बंद. मग तो चिठ्ठी घरी ठेवून मेडिकलवर जातो. "दादा, ती छोटी द्या, झोपेची." "चिठ्ठी?" "चिठ्ठी कशाला, ओळखता की मला." "ओळखतो म्हणूनच म्हणलं चिठ्ठी आणा." ओळखीवर ट्रॅक्टरचा सुटा भाग मिळतो, खत मिळतं, ग्रामपंचायतीचा दाखला मिळतो आणि ही गोळी मिळत नाही, हा अपमान त्याला दिवसभर पुरतो. काही महिन्यांनी सवय लागल्याची तक्रार तो करतो ती मात्र डाव्या पाकिटाच्या नावाने. ज्या गोळीची लागत नाही तिच्यावर सवयीचा आळ, आणि जिची लागते तिच्यासाठी ओळख काढायची. हा न्याय इतका जुना आहे की फक्त गोळ्यांच्या बाबतीतच चालतो असंही म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप झाडपाल्याच्या वाटेने येतो. "इंग्रजी औषधं उष्ण पडतात, आपलं आयुर्वेदिक घ्या, त्याला साइड इफेक्ट नसतोय." या वाटेवर एक मुंबईकर डॉक्टर आधीच उभे आहेत. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला. ही आपली अस्सल देशी वनस्पती. तिची मुळी वेडावर आणि निद्रानाशावर इथे पिढ्यान् पिढ्या दिली जात होती. वकिलांनी ती रक्तदाबावर कशी उतरते हे पद्धतशीर दाखवलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं, अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते वापरलं गेलं, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे मनावरच्या आधुनिक औषधांच्या इतिहासातलं एक पहिलं पान आपल्याच मातीतलं आहे, हे झाडपाल्याच्या बाजूने. आता दुसरी बाजू. याच रेसर्पिनने काही पेशंटांना औदासीन्य येतं, अशा नोंदी डॉक्टरांनी तेव्हाच करून ठेवल्या. मुळी देशी होती, खरीखुरी होती, आणि साइड इफेक्टही तितकाच खरा होता. जे काम करतं त्याला दुष्परिणाम असण्याची शक्यता असते. ज्याला कधीच काही दुष्परिणाम नसतो ते बहुधा कामही करत नसतं. अश्वगंधेच्या पुडीवर कोणी आठ घड्यांचा कागद घालत नाही, एवढ्यावरून ती निर्धोक ठरवणं म्हणजे फक्त आपल्या बारावीतल्या मुलीचं वाचन वाचवणं आहे.

पण हे सगळे आक्षेप समोरच्या दाराने येतात. मागच्या दाराने येतो तो खरा: लोक काय म्हणतील. शिक्रापुरातून पुण्याकडे निघालं की सणसवाडी, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली, खराडी अशी कोंडीमागून कोंडी पार करत माणूस येरवड्याला पोचतो. येरवड्यात दोन भल्या मोठ्या सरकारी संस्था आहेत. एक मध्यवर्ती कारागृह, दुसरं प्रादेशिक मनोरुग्णालय. राज्यात अशी चार जुनी मनोरुग्णालयं आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठी माणसाने या चारही भल्या गावांची नावं भांडणात वापरायला काढली. कारागृहाला मात्र प्रतिष्ठा आहे. तिथे गांधीजी होते, १९३२ चा पुणे करार ते तिथे कैदेत असतानाच झाला. त्या पुण्याईवर आजही तिथून जामिनावर सुटलेल्या माणसाचं गावात गुलाल उधळून स्वागत होऊ शकतं, चौकात फ्लेक्स लागू शकतो, त्यावर शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले फोटो असू शकतात. मनोरुग्णालयाच्या ओपीडीत अर्धा तास बसून आलेला माणूस मात्र घरी सांगतो, "विमाननगरला काम होतं." खासगी डॉक्टरकडे गेलेला 'नसांच्या डॉक्टर'कडे गेलेला असतो, आणि तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर दोघंही एकमेकांना सांगतात की आपण पेशंटला सोडायला आलोय. दोघांनी मिळून सोडलेला तो पेशंट कधीच कोणाला दिसत नाही.

तेच लग्नाच्या पंगतीत बघा. गुलाबजाम घेता घेता बीपीवाले बीपीची गोळी दाखवतात, शुगरवाले शुगरचा आकडा सांगतात, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला थोडं सरकून जागाही मिळते. "माझी तीनशेच्या खाली येतच नाही" हे वाक्य परवाच्या जमीन व्यवहाराच्या थाटात म्हटलं जातं. बीपीची गोळी जन्मभर घ्यायची असते याबद्दल कोणाचीही तक्रार नसते. काळजीची गोळी सहा महिने घ्यायची म्हटलं की "म्हंजे आता कायमचंच का?" कायद्याने हा भेद केव्हाच काढून टाकला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजारालाही शरीराच्या आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यावं असं त्यात स्वच्छ लिहिलंय. कायद्याला पंगतीत बसवता येत नाही, एवढीच अडचण. आकडेही काही कमी नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला, आणि चिंता-नैराश्यासारख्या नेहमीच्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळालेले नव्हते. सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. यावर पारावरचा तंबाखूवाला काय म्हणेल ते सांगायला नको. "बघा, म्हंजे आपल्याकडं नाहीच."

या लपवाछपवीतून अपघात होतात. पाकीट कुणाला दिसू नये म्हणून गोळ्या सोलून कॅल्शियमच्या बाटलीत भरल्या जातात. मुक्कामाला आलेल्या मामी ती बाटली बघतात, सांधे दुखत असतातच, तीन रात्री एक-एक घेतात आणि चौथ्या दिवशी म्हणतात, "चांगल्या आहेत हो तुमच्या गोळ्या, अंगात ताकद आल्यागत वाटतंय!" ज्याची गोळी त्याला फरक नाही आणि जिचा संबंध नाही तिला तीन दिवसांत गुण. (दुसऱ्याचं औषध असं घेणं धोक्याचं आहे हे मामींना सांगणं भाग असतं, आणि सांगायचं तर गोळी कशाची हेही सांगावं लागतं, त्यामुळे सहसा बाटलीच फुटते.) मामींवरून चतुर लोक पुढचा आक्षेप काढतात: मग हा सगळा मनाचाच खेळ ना? साखरेच्या गोळीनेही बरं वाटतं. थोडं वाटतं, कबूल. औषधांच्या चाचण्यांत साखरेच्या गोळीनेही बऱ्याच जणांना उतार पडतो. खऱ्या गोळीने त्याहून जास्त जणांना पडतो, म्हणूनच तिला परवानगी मिळते. २०२२ साली एका मोठ्या आढाव्यात, नैराश्य सेरोटोनिन कमी झाल्यामुळे येतं याला सातत्याने पुरावा सापडत नाही असं निघालं, तेव्हा गोळ्या बोगस ठरल्याचे संदेश मोबाइलवर घरोघरी फिरले. आढावा गोळीचा गुण तपासत नव्हता, आजाराचं कारण तपासत होता. आणि पॅरासिटामॉल ताप नेमका कसा उतरवतं याबद्दल शास्त्रज्ञ अजून वाद घालतात म्हणून कोणी तापलेलं पोर तसंच ठेवलेलं ऐकिवात नाही.

राहिली बोलण्याची गोष्ट. गोळीच्या जोडीने, काहींना गोळीऐवजीही, समुपदेशन उपयोगी पडतं. विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडक्यांनी मराठी वाचकांपर्यंत कधीच आणून ठेवली. पण "नुसतं बोलायचे पैसे?" या प्रश्नावर गाडी अडते. गावात बोलणं फुकट आणि मुबलक आहे, फक्त ते ऐकून घेणारा कोणी नाही. प्रत्येक जण आपली पाळी यायची वाट बघतोय. आपण घाबरलोय असं म्हणणाऱ्याला "मन खंबीर ठेव", "योगा कर", "लग्न करून टाक" आणि लग्न झालेलं असेल तर "म्हणून तर" एवढी चार उत्तरं मिळतात. आम्ही लेख लिहिणारे तर त्याहून वाईट. आम्ही त्याच्या घाबरण्यावर विनोद करतो आणि मानधन कधी येणार या काळजीने रात्रभर जागतो. फुकटच हवं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं. तिथला माणूस समोरच्याचं बोलणं मध्येच तोडून स्वतःच्या गुडघ्याबद्दल सांगायला लागत नाही.

समजा, एवढ्या सगळ्या गोतावळ्यातून एखादा चार-पाच आठवडे तगला. मग एक दिवस त्याच्या लक्षात येतं की चाकण चौकात तासभर अडकूनही आपण आज छातीला हात लावून बघितला नाही. झोप लागते, जेवण जातं, अनोळखी नंबर उचलला तर पलीकडे लोनवाली मुलगी असते आणि तिच्याशी तो चक्क गप्पा मारतो. आता ही गोळी बरं वाटल्यावरही काही महिने, पुष्कळदा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायची असते, म्हणजे आजार उलटण्याची भीती कमी होते. पण आपल्या तर्कशास्त्रात औषधाला दोनच गती आहेत: गुण आला नाही म्हणून बंद आणि गुण आला म्हणून बंद. तो बंद करतो. महिन्या-दोन महिन्यांत परत डॉक्टरांसमोर. "कधी सोडली?" "बरं वाटलं तेव्हा." "का?" "बरं वाटलं म्हणून." "आणि आता का आलात?" "बरं वाटेना म्हणून." डॉक्टर दोन क्षण पंख्याकडे बघतात आणि परत पहिल्यापासून, दोन ते चार आठवडे लागतील, हे सांगायला घेतात.

दुसऱ्या खेपेला मात्र तो टिकतो, आणि टिकला की गावाच्या नजरेत भरतो. "अंगानं सुधारला", "चेहऱ्यावर तेज आलं", "जमीन विकली का काय?" अशी चर्चा सुरू होते. मग एका संध्याकाळी तेच अण्णा, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, त्याला गोठ्याच्या मागे घेतात.

"आमच्या धाकट्याला पण तसंच होतंय. नाव सांग बरं."

"डॉक्टरांचं ना? लिहून घ्या."

"डॉक्टर नको रे, उगं लोकं बघत्यात. गोळीचं सांग."

"गोळी अशी घ्यायची नसती अण्णा. प्रत्येकाची वेगळी असती."

"असू दे की. तुझ्यातल्याच दे चार-पाच. तीन दिवस बघू घेऊन."